संपादकांच्या पंगतीस

पाली हे दोन वाटांचे गाव आहे. हातखंब्याकडून आलेला रस्ता येथे फुटतो. एक फाटा लांजा-राजापुरावरून गोव्याकडे जातो. दुसरा नाणीज, साखरपा घेत आंबा घाट चढतो आणि कोल्हापुरास उतरतो. जेथे वाटा फुटतात तेथे माणसे थांबतात, आणि जेथे माणसे थांबतात तेथे जेवणाची सोय होते. काल रात्री व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस अशाच एका खानावळीत नेले. गर्दी होती. टेबल एकच, त्यालाही दोन माणसे आधी बसलेली : एक ट्रकचा ड्रायव्हर आणि एक त्याचा क्लीनर. आम्ही सरकून बसलो. ताटे आली. ड्रायव्हरच्या हाती वर्तमानपत्राचे पान होते. त्यातल्या बातमीवरून त्याने सरकारवर एक शेरा मारला, आमच्यातल्या एका मास्तरांनी त्यास उत्तर दिले, आणि सोलकढी येईपर्यंत राजकारणावर चांगली जुंपली. उठताना आमच्या ध्यानात आले की, इतका वेळ बोलून आम्ही एकमेकांची आडनावेही विचारली नव्हती.

आडनाव न विचारता शेजारी बसून जेवणे आणि जेवता जेवता राज्यकारभारावर वाद घालणे, ही गोष्ट आज आपणांस इतकी साधी वाटते की तिला इतिहास असेल असे मनातही येत नाही. पण इतिहास आहे. आणि तो बराचसा आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांनी घडविलेला आहे. त्यातही नवल असे की, ती माणसे हाडाची वर्तमानपत्रकार होती. टिळकांचा जन्म १८५६ साली रत्नागिरीत झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जन्मले महूला, पण त्यांच्या घराण्याचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. अनंत हरी गद्रे देवरुखचे. तिघेही संपादक. ह्या तिघांच्या पंगतीला कोण बसले, कोण बसले नाही आणि बसलेल्यांची नावे कोणी छापली, एवढेच आज सांगावयाचे आहे. जेवण्यापेक्षा नाव छापले जाणे हीच त्या काळी मोठी गोष्ट होती, हे ऐकून आपणांस कदाचित हसू येईल. आम्हांलाही पूर्वी येत असे.

आरंभ चहाच्या पेल्यापासून करू. १८९० सालचा ऑक्टोबर महिना. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या काही प्रतिष्ठित मंडळींना व्याख्यानाचे आमंत्रण गेले. आमंत्रितांत महादेव गोविंद रानडे होते, ‘केसरी’चे बाळ गंगाधर टिळक होते, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या कोतळूकचे, चोवीस वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले होते. व्याख्यान झाले, आणि मग मिशनऱ्यांनी आपल्या रीतीप्रमाणे चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरून शिष्टाचार पाळला. मंडळी घरोघर गेली. गोष्ट येथेच संपावयाची. कारण तोपर्यंत पुण्यात असे चोरून-मारून बरेच चालत असे आणि त्याकडे कानाडोळा करण्याचा कसबही पुणेकरांना चांगला साधला होता.

पण गोपाळराव जोशी तेथे होते. डॉ. आनंदीबाई जोशांचे हे यजमान. बायकोला डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेस पाठविणारा हा गृहस्थ सुधारक म्हणावा तर सुधारकांचीच फजिती करण्यात त्यास आनंद वाटे. त्याने चहाच्या मंडळींची यादी ‘पुणे वैभव’ पत्रात छापून आणली. झाले! जे सर्वांस ठाऊक होते ते आता छापलेले होते, आणि छापलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करता येत नाही. ग्रामण्य उभे राहिले. ग्रामण्य म्हणजे काय ते आजच्या तरुणांस सांगावे लागेल : जातीने माणसावर भरविलेला खटला. त्याचा निकाल तुरुंग नव्हे; निकाल असा की तुमच्या पानाशेजारी कोणी पान मांडणार नाही, तुमच्या घरी भिक्षुक येणार नाही, तुमच्या मुलीला स्थळ येणार नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, त्यांनी शास्त्र्यांचे मंडळ नेमले, आणि पुण्यात चहाच्या एका पेल्यावर महिनेच्या महिने पुरावे आणि धर्मशास्त्राची वचने यांचा किस पडला. चहा प्यालेल्यांस किती प्रायश्चित्त आणि नुसता पेला हाती धरलेल्यांस किती, असा तो सारा सूक्ष्म हिशेब होता.

टिळक ह्या वेळी चौतीस वर्षांचे होते. संमतिवयाच्या बिलावरून सुधारकांशी त्यांचे कडाक्याचे भांडण ह्याच सुमारास पेटलेले. म्हणजे वर्तमानपत्रात ते सनातन्यांची बाजू लढवीत होते आणि घरात सनातनी त्यांच्यावर बहिष्कार घालीत होते. घरच्या कार्याला भिक्षुक मिळण्याची पंचाईत झाली. आपण काशीस प्रायश्चित्त घेऊन आलो आहोत, असे त्यांनी मंडळापुढे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्या अनुयायांना त्याचे अतिशय वाईट वाटले. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि ज्यांच्या त्या पायंड्यावर आज गावोगावच्या माला चालतात, त्यांना एका व्याख्यानानंतरच्या चहाबद्दल प्रायश्चित्त घ्यावे लागले! व्याख्यानाला येणाऱ्या आणि नंतरच्या चहालाही थांबणाऱ्या आपणां सर्वांना हे माहीत असावे म्हणून मुद्दाम सांगितले.

ह्या प्रकरणात आमच्या मते रानड्यांचा किंवा टिळकांचा दुबळेपणा शोधण्यात अर्थ नाही. दोघांपाशीही मोठी कार्ये होती, आणि दोघांनाही त्या कार्यांसाठी समाज बरोबर हवा होता. शोधावयाचे ते हे की, छापील यादी त्या दिवशी कोणाच्या हातचे हत्यार झाली. ती बहिष्काराच्या हातचे हत्यार झाली. चहा पिणारे मूठभर होते, वाचणारे हजारो होते, आणि त्या हजारांच्या धाकाने मूठभर वाकले. टिळकांसारख्या पत्रकाराला हा धडा पुरेपूर समजला असला पाहिजे. कारण तो धाक स्वतः अंगावर घेतलेले ते गृहस्थ होते.

ह्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी मुंबईत दुसरी एक यादी तयार झाली. १९१८ च्या मार्च महिन्यात विठ्ठल रामजी शिंदे यांच्या खटपटीने अस्पृश्यतानिवारणाची मोठी परिषद भरली. अध्यक्षस्थानी बडोद्याचे सयाजीराव महाराज होते. टिळक आले. अस्पृश्यता देवाला चालत असेल तर अशा देवाला आपण देवच मानणार नाही, अशा आशयाचे त्यांचे बोलणे त्या सभेत झाले, आणि टाळ्यांनी मंडप दणाणला. मग एक पत्रक फिरले : आम्ही स्वतः आमच्या नित्यव्यवहारात अस्पृश्यता पाळणार नाही, अशी प्रतिज्ञा, खाली सह्या. टिळकांनी त्यावर सही केली नाही.

त्याची कारणे टिळकभक्तांनी पुष्कळ दिली आहेत आणि टीकाकारांनीही पुष्कळ दिली आहेत. आम्ही एवढेच म्हणतो की, भाषण हवेत विरते आणि सही कागदावर राहते. १८९० साली आपल्या इच्छेविरुद्ध यादीत पडलेले नाव निस्तरताना ज्याने दोन वर्षे घालविली, त्याने १९१८ साली आपल्या हाताने यादीत नाव घालण्याचे टाळले. तो स्वराज्याचा हिशेब करीत होता. अनुयायी फुटू नयेत ही त्याची चिंता खोटी नव्हती. पण ज्यांना त्या सहीची वाट होती त्यांच्या बाजूने पाहिले, तर ती जागा कोरीच राहिली.

त्यानंतर दोन वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, आंबेडकरांचे ‘मूकनायक’ निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने घेतली नाही, असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक वारले. हे दोन संपादक, एकाच जिल्ह्याचे, एकमेकांच्या पंगतीला कधी बसणार असा प्रश्नच मग उरला नाही. पण इतिहास कधी कधी अशी काही उलटी वाट काढतो की, रचून सांगितली तर कोणी खरी मानू नये.

टिळकांचे धाकटे चिरंजीव श्रीधरपंत. राहणे गायकवाड वाड्यात, म्हणजे ज्या वाड्यातून ‘केसरी’ निघे त्याच वाड्यात. वडिलांच्या मागे वाड्याच्या आणि पत्राच्या मालकीवरून त्यांचा विश्वस्तांशी झगडा चालू होता; कोर्टकचेऱ्या चालू होत्या. ह्या श्रीधरपंतांचा बाबासाहेबांशी स्नेह जडला. बाबासाहेब तेव्हा नुसते बॅरिस्टर नव्हते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले होते, आणि त्यानंतर दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ पत्र सुरू केले होते. तळ्यावर जे झाले ते पत्रात छापले पाहिजे, नाहीतर ते झालेच नाही असे लोक म्हणतील, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्याच वर्षी मुंबईस त्यांनी समाज समता संघ स्थापन केला. स्पृश्य आणि अस्पृश्य यांचे सहभोजन हे संघाच्या कार्यक्रमातले एक ठळक कलम होते.

८ एप्रिल १९२८ रोजी ह्या संघाची पुण्याची शाखा निघाली, ती गायकवाड वाड्यात! श्रीधरपंतांनी पुढाकार घेतला. आंबेडकर आले. सहभोजन झाले. विश्वस्तांना हे रुचणारे नव्हतेच. वाड्यात अस्पृश्यांचा मेळा येण्यावरून पूर्वीच कटकट झालेली होती. तरी पाने मांडली गेली. आपण क्षणभर ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. ज्या पत्राने ह्या माणसाची जाहिरात घेतली नव्हती, त्या पत्राच्या वाड्यात हा माणूस संपादकाच्या मुलाशेजारी जेवीत बसला आहे. दिवस सायमन कमिशनचे. देशभर काळी निशाणे फिरत होती आणि राजकीय हक्क कोणाला किती मिळावेत याचीच जिकडे तिकडे चर्चा होती. महाडला मनुस्मृती जाळल्याला चार महिनेही झाले नव्हते. अशा दिवसांत त्या पंगतीला राजकारणाचे निराळे भाषण करण्याची गरजच नव्हती. पंगत हेच भाषण होते.

श्रीधरपंतांनी वाड्यावर ‘चातुर्वर्ण्य विध्वंसक समिती’ अशी पाटी लावली होती. वडिलांनी सही करण्याचे टाळले. मुलाने दारावरच पाटी ठोकली. पण ह्या पंगतीनंतर ते फार दिवस जगले नाहीत. घरचे खटले, विश्वस्तांशी वैर आणि मनाची हळवी ठेवण यांचा भार त्यांना सोसला नाही. २५ मे १९२८ रोजी त्यांनी आपल्या हाताने जीवनाचा शेवट केला. बत्तिसाव्या वर्षी! त्या दिवशी त्यांनी जी पत्रे लिहिली त्यांतले एक आंबेडकरांना होते. आपल्या अस्पृश्य बांधवांची दाद देवाजवळ मागण्यास मी पुढे जात आहे, असा त्याचा भाव. ह्या मृत्यूवर बाबासाहेबांनी जो लेख लिहिला तो जिज्ञासूंनी अवश्य मिळवून वाचावा. लोकमान्य ही पदवी बापापेक्षा मुलालाच खरी शोभली असती, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. हा निवाडा सर्वांना मान्य होईल असे नाही; आम्हांलाही तो थोडा तिखट वाटतो. पण तो लिहिणारा श्रीधरपंतांच्या शेजारी बसून जेवलेला होता, आणि आम्ही नव्हतो.

आता आपल्या रत्नागिरीकडे येऊ. सावरकर १९२४ च्या जानेवारीत येरवड्याहून सुटले ते दोन अटींवर : रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जावयाचे नाही आणि राजकारणात पडावयाचे नाही. अट पाच वर्षांची, पण ती वाढत वाढत १९३७ पर्यंत चालली. त्यामुळे येथे एक विलक्षण परिस्थिती झाली. राजकारणावर बोलण्यास बंदी असलेला, आणि मुंबईच्या ‘श्रद्धानंद’ साप्ताहिकात लिहावयाचे तर पुष्कळदा नाव न घालता लिहिणारा हा मनुष्य रोटीबंदी मोडण्याच्या मागे लागला. १९३१ च्या फेब्रुवारीत भागोजीशेठ कीरांच्या पैशाने पतितपावन मंदिर उघडले. १९३३ साली सर्व जातींच्या हिंदूंसाठी उपाहारगृह निघाले. आणि सहभोजनांचा तर धडाकाच लागला. त्यांतली खुबी अशी की, जेवणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांतून छापली जात. ‘पुणे वैभवा’ने चाळीस वर्षांपूर्वी जी युक्ती बहिष्कारासाठी वापरली होती, तीच येथे उलटी फिरविली. नाव छापून येणार हे ठाऊक असूनही जो पानावर बसतो, तोच खरा जेवला. मागीलदाराने येऊन जेवून जाणारा जेवलाच नाही, असा तो बाणा होता.

ह्या चळवळीला मर्यादा होत्या. पंगत हिंदूंपुरती होती, हे त्या भोजनांच्या नावातच होते. आंबेडकरांनीही १९३३ साली ह्या कार्याचे कौतुक करताना, चातुर्वर्ण्य हा शब्द तुम्ही गुणांची पुस्ती जोडून का होईना पण अजून वापरता, असे सावरकरांना बजावले होते. हे खरे असले तरी रत्नागिरीच्या आळीआळींतून ज्यांची नावे त्या याद्यांत आली त्यांनी आपापल्या घरी काय सोसले असेल, ते त्या घरांनाच माहीत.

आमच्या घरी जे घडले ते येथे सांगतो. आमचे आजोबा पालीच्या बाजूचेच. त्या दिवसांत कोर्टाच्या कामासाठी ते रत्नागिरीस जात. एका खेपेस एका स्नेह्याने त्यांना अशा भोजनास नेले. आजोबा बसले, जेवले, आणि उठताना नावे टिपून घेणाऱ्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, “माझे नाव तेवढे घालू नका.” संध्याकाळी घरी आले. आजीने पान मांडून ठेवले होते. “अहो, बसताय ना?” तिने विचारले. “भूक नाही गो,” असे म्हणून ते ओटीवर जाऊन पडले. ही हकीकत त्यांनी घरात कोणालाच सांगितली नाही.

तिसरे संपादक गद्रे. ‘निर्भीड’ हे त्यांचे साप्ताहिक. जाहिराती लिहिण्यात त्यांचा हात इतका चालत असे की लोक त्यांना जाहिरात-जनार्दन म्हणत. ज्या वर्षी पुण्यात तो चहा झाला त्याच १८९० साली हे देवरुखास जन्मले. जाहिरातवाल्याला लोकांच्या मनाचे दार कोठून उघडते ते कळते. गद्र्यांनी विचार केला असावा की, सहभोजनाला या म्हटले तर माणूस बिचकतो; सत्यनारायणाच्या प्रसादाला या म्हटले तर नाही कसे म्हणणार? म्हणून त्यांनी झुणका-भाकर सत्यनारायण काढले. पूजा अस्पृश्य वस्तीत. पूजेला बसणारे जोडपे त्या वस्तीतले. त्या जोडप्याचे पाय धुऊन तीर्थ घ्यावयाचे ते ब्राह्मणाने, आणि पहिल्याने स्वतः गद्र्यांनी. प्रसाद साजूक तुपातल्या शिऱ्याचा नव्हे, तर झुणका-भाकरीचा, म्हणजे वस्तीला आपल्या खर्चाने करता येईल असा. कोकणच्या माणसाने देशावरची भाकर का निवडली असे आम्हांस वाटे. पण भाताची पंगत म्हटली की पाने आली, वाढपी आले आणि कोण कोणाला वाढतो हा प्रश्न आला. भाकरीवर झुणका घालून हातात दिला की उभ्या उभ्या खाता येतो, शेजारच्याशी बोलताही येते.

हे समारंभ मुंबईत आणि बाहेर पुष्कळ झाले. लोकांनी गद्र्यांना समतानंद म्हणावयास सुरुवात केली. काही पुरोगामी त्यांना हसत. सत्यनारायणाने जातिभेद जातो का, असे विचारीत. प्रश्न योग्यच होता. पण विचारणाऱ्यांपैकी कितीजण त्या वस्तीत जाऊन भाकरी खाऊन आले होते, हेही विचारले पाहिजे. गद्रे ३ सप्टेंबर १९६७ रोजी वारले.

आजोबांनी ती गोष्ट आम्हांस सांगितली ती अगदी शेवटच्या आजारात. तोवर आजी जाऊन पुष्कळ वर्षे झाली होती, आणि नातवंडे कोणाकोणाच्या घरी जेवून येत होती. आम्ही जरा कौतुकानेच म्हटले, “म्हणजे तुम्हीही त्या पंगतीला होतात की!” ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग उशीखालचा चष्मा काढून डोळ्यांवर चढविला, आणि जणू आमच्या हातात ते जुने पत्र असावे तशा नजरेने पाहत म्हणाले, “नाव आहे का बघ त्यात.”